खाजणातला कर्ब कमी झाला, की मीठ?

पत्र:

नमस्कार मॅडम. मी कळव्याला राहते. दिवा गावाच्या पुढे खाडीला लागून आमची पाऊण एकर खाजण जमीन आहे, म्हणजे भरतीचं पाणी बांध घालून अडवलेली खारी जमीन, सासऱ्यांच्या नावावरची. बांधाला खांड पडल्यापासून पाच-सहा वर्षं ती पडूनच होती. बांध दुरुस्त झाला आणि गेले तीन पावसाळे मी तिथे भात लावते आहे. दरवर्षी दोन ट्रॉली शेणखत घालते. शिवाय जवळच्या सोसायट्यांमधून ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट फुकट मिळतं, तेही नेऊन टाकते. मेमध्ये माती तपासली तेव्हा सेंद्रिय कर्ब ०.७१ टक्के होता. पावसाळ्यात पुन्हा खत घातलं, नोव्हेंबरमध्ये तपासली तर ०.६६! एवढी पदरमोड करून कर्ब खाली कसा गेला? पुतण्या म्हणतो, "काकी, खाऱ्या जमिनीत जिवाणू काम करत नाहीत, त्यामुळे कर्ब आपोआप साठून राहतो. तू उगाच खत घालतेस." भराव टाकायला माणसं विचारत आहेत, देऊन टाकू, असंही त्याचं म्हणणं. सासूबाईंचा मात्र त्या शेतात जीव आहे. खत घालणं चालू ठेवू की थांबवू? आणि बांधालगतच्या कोपऱ्यात तिवरं उगवली आहेत, ती काढली तर चालेल का? दोन्ही रिपोर्टचे फोटो सोबत पाठवते आहे.

एक शेतकरीण, कळवा

उत्तर:

ताई, तुमचे दोन्ही रिपोर्ट मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. माझी नजर आधी तारखांवर गेली आणि मग ईसीच्या, म्हणजे विद्युत वाहकतेच्या रकान्यावर; मातीत मीठ जास्त तेवढा हा आकडा मोठा. मेमध्ये ईसी ६.२, नोव्हेंबरमध्ये १.४. कर्बातल्या ०.०५ च्या फरकाने तुमची झोप उडाली, पण त्या कागदावरची खरी बातमी ही आहे. एका पावसाळ्यात तुमच्या शेतातलं मीठ चौथाईच्या आसपास आलं. बांध धरला, पावसाचं पाणी खेळलं, भात उभा राहिला, त्याचा हा पुरावा आहे. ही तुमच्या कष्टांची कमाई आहे, ती आधी मोजा.

आता कर्बाकडे येऊ, म्हणजे पाला, मुळं, शेण कुजून मातीत उरणाऱ्या कार्बनकडे. मे आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांतली खाजणाची माती एकमेकींशी तोलताच येत नाही. भात कापल्यावर रान उघडं पडतं. खाली हात-दोन हातांवर खारं पाणी असतं, वरून ऊन तापतं. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं ते पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं. मेमध्ये तुमच्या शेतात ढेकळांच्या कडांवर पांढरी साय आलेली दिसत असेल. पायाखाली ती कुरकुरते आणि बोटाला लावून जिभेवर ठेवली तर खारट लागते. नमुना घेताना ती साय पिशवीत गेली की प्रयोगशाळेत जे मोजलं जातं त्यात मिठाचाही हात असतो.

तो कसा, ते सांगते, कारण माझी अनेक वर्षं याच टेबलावर गेली आहेत. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा कर्ब मोजतात तो वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४ सालच्या पद्धतीने. चिमूटभर माती काचेच्या चंबूत घ्यायची, त्यात पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण घालायचं आणि वरून तीव्र गंधकाम्ल ओतायचं. चंबू हाताला चटका बसेल इतका तापतो. मातीतला कर्ब जळतो, जळताना डायक्रोमेट खर्च करतो आणि नारिंगी रंग हिरवट होत जातो. किती डायक्रोमेट खर्च झालं त्यावरून कर्ब काढतात. अडचण अशी की डायक्रोमेट खर्च करणारा कर्ब एकटाच नसतो. मिठातलं क्लोराइडही ते खातं आणि ते सगळं बिल कर्बाच्या नावावर लागतं. साधारण बारा भाग क्लोराइड असेल तर कागदावर एक भाग खोटा कर्ब वाढतो. यावरचा उपाय जुना आहे. गंधकाम्लात थोडं सिल्व्हर सल्फेट मिसळलं की क्लोराइड चांदीला चिकटून बाजूला बसतं. पण चांदीचा क्षार महाग, आणि देशावरून येणाऱ्या गोड्या मातीला त्याची गरज नसते, म्हणून पुष्कळ ठिकाणी तो वापरत नाहीत. मी सुरुवातीला ज्या प्रयोगशाळेत होते तिथेही वापरत नसत. खाडीकाठच्या एका आजोबांना मी मेच्या नमुन्यावर "तुमचा कर्ब भरपूर आहे, खताची घाई नाही" असं लिहून दिलं होतं. पुढे कारण कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्या वर्षी त्यांनी खत घातलं नव्हतं.

तुमच्या आकड्यांचा ढोबळ हिशेब करू. ईसी ६.२ म्हणजे १०० ग्रॅम मातीत साधारण अर्धा ग्रॅम क्लोराइड, १.४ म्हणजे त्याच्या पाचव्या हिश्शाएवढं. अर्ध्या ग्रॅमने कर्बात सुमारे ०.०४ ची फुगवटी येते, नोव्हेंबरच्या मिठाने जेमतेम ०.०१ ची. म्हणजे ०.०५ च्या घसरणीतला ०.०३ भाग मीठ गेल्यामुळे दिसतो आहे, कर्ब गेल्यामुळे नाही. उरलेल्या ०.०२ साठी कुणाला दोष देऊ नका. एकाच शेतात दहा पावलांवरून दोन नमुने घेतले तरी तेवढा फरक पडतो. तुमच्या प्रयोगशाळेला फोन करून एवढंच विचारा, "खाऱ्या मातीसाठी सिल्व्हर सल्फेट घालता का?" हो म्हणाले तर माझा हा हिशेब लागू नाही. पण तेव्हाही ०.०५ चा फरक घाबरण्याइतका मोठा नाही.

आणखी एक गोष्ट याच ओघात. खाजणातली खालची माती काळी, चिकट आणि उग्र वासाची असते. हवा न लागल्यामुळे तिच्यातलं लोह आणि गंधक वेगळ्या अवस्थेत असतं आणि तेही डायक्रोमेट खातं. म्हणून नमुना ओला पिशवीत कोंबून देऊ नका. सावलीत वर्तमानपत्रावर पसरून नीट वाळवा, मगच द्या.

आता तुम्ही घातलेल्या खताचं काय झालं? इथेही थोडं गणित केलं की मन हलकं होईल. पाऊण एकरातली वरची अर्धा फूट माती साधारण सहा लाख किलो भरते. तिच्यात कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर सहाशे किलो कर्ब कायमचा राहायला हवा. दोन ट्रॉली ओलसर शेणखतात, त्यातलं पाणी आणि माती वजा जाता, कर्ब मिळून तेवढाच असतो, सहाशे किलोच्या आसपास. आणि आपल्या ठाण्याच्या उष्ण दमट हवेत त्यातला निम्म्याहून खूप जास्त भाग वर्षभरात जिवाणू खाऊन हवेत सोडतात. उरतो दोनशे किलो, म्हणजे रिपोर्टवर ०.०३. नमुन्यांच्या चुकीतच तो बुडून जातो. तुमचं खत वाया गेलेलं नाही, ते मोजण्याची काठी जाड आहे. निदान चार-पाच वर्षांचे आकडे एका ओळीत आल्याशिवाय कर्ब वाढला की घटला, हे कुणीही छातीठोकपणे सांगू नये.

पुतण्याच्या म्हणण्याकडे वळते. तो जे म्हणतो त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणूनच ती नीट उलगडायला हवी. तुमच्याकडे मासळी खारवतात. मीठ लावलेला मासा सडत नाही, कारण मीठ जिवाणूंच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं. मातीतही तेच घडतं. ईसी वाढली की जिवाणू आणि बुरशी मंदावतात. पाचोळा हळू कुजतो. इथपर्यंत पोराचं बरोबर आहे.

पण बरणीत मासा असेल तर तो टिकेल ना? मातीत कर्ब येतो तो झाडाच्या हातून. पानं, पेंढा, सर्वांत जास्त मुळं. मीठ जसं जिवाणूला तहानेलं ठेवतं तसंच भातालाही ठेवतं. पाणी शेजारी असून मुळांना ते ओढता येत नाही. रोप खुजं राहतं, फुटवे कमी, मुळं तोकडी. म्हणजे जमेच्या बाजूला आधी गळती लागते. खर्च कमी झाला म्हणून शिल्लक वाढत नाही, ताई, कारण पगारच थांबलेला असतो. जगभरात क्षारपड जमिनींमध्ये कर्ब सहसा कमी सापडतो, त्यामागे हे मोठं कारण आहे.

दुसरं कारण जरा खोलातलं आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. मिठात तग धरणारे जिवाणू पेशीतलं पाणी राखायला पोटात काही संयुगं बनवून साठवतात. त्याला ऊर्जा लागते. खाल्लेल्यातला मोठा वाटा त्यातच जळून जातो आणि अंगाला कमी लागतं. आज मृदाशास्त्र असं मानतं की मातीत वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कर्बाचा बराच भाग म्हणजे मेलेल्या जिवाणूंचे, बुरशीचे अवशेष, चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसलेले. जिवाणूच नीट वाढले नाहीत तर तो पक्का कर्ब बनणार कुठून? खाऱ्या मातीत मागे राहतो तो बहुतेक अर्धवट कुजलेला काडीकचरा. जूनचा पहिला जोरदार पाऊस पडला, मीठ सैल झालं की उपाशी बसलेले जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि थोड्या दिवसांत त्याचा फडशा पाडतात. मिठाने कर्ब कुलपात ठेवला असं म्हणता येत नाही, फार तर काही महिने थांबवून ठेवला.

सोडियमची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तुमच्या पत्रात नसलं तरी खाजण म्हटलं की ती येतेच. मिठात दोन भाग, सोडियम आणि क्लोराइड. पावसाने क्लोराइड झटकन धुऊन जातं, सोडियमचा काही भाग मात्र चिकणमातीला चिकटून राहतो. गंमत अशी की मीठ भरपूर असतं तोवर मातीचे कण एकमेकांना धरून असतात. मीठ धुतलं गेलं आणि सोडियम मागे राहिला की कण सुटे होतात, रवाळ माती पिठासारखी होते. मातीच्या रव्याच्या आत जिवाणूंपासून लपून बसलेला कर्ब उघड्यावर येतो, त्यातला काही विरघळून तपकिरी पाण्याबरोबर वाहून जातो. तुमच्या शेतात हे होतंय का, ते घरी बघता येईल. पारदर्शक ग्लासात पावसाचं स्वच्छ पाणी घ्या. शेतातलं वाळलेलं, हरभऱ्याएवढं मातीचं रवं हलकेच त्यात सोडा आणि ग्लास हलवू नका. रवं नुसतं मोडून तळाशी ढीग झाला तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखं धुकं पसरलं आणि तासाभरानेही पाणी निवळलं नाही, तर सोडियम आहे. वरची, मधली, खालची, अशी तीन ठिकाणची रवं तीन ग्लासांत टाकून बघा.

धुकं दिसलं तरच विनिमययोग्य, म्हणजे चिकणमातीला चिकटलेल्या सोडियमची तपासणी करून घ्या. ते प्रमाण १५ टक्क्यांच्या वर आलं तर जिप्समचा विचार करायचा, तोही प्रयोगशाळेने सांगितलेल्या मात्रेत. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि मातीच्या कणाशी कर्ब बांधून ठेवतं. पण कोकणातल्या पुष्कळ खार जमिनींचा सामू (pH) फार चढा नसतो आणि त्या नुसत्या पावसाच्या पाण्याने सुधारतात. दुकानदार म्हणतो म्हणून पोती आणू नका.

तिवरांबद्दल विचारलंत. ती काढू नका, तिवरं म्हणजे कांदळवनच. कायद्याचं आधी सांगते: २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात खासगी जमिनीवरच्या कांदळवनालाही तेच संरक्षण दिलं. शिवाय तुमच्या मूळ प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर त्याच कोपऱ्यात उभं आहे. तिथली माती तुमच्या शेताहून खारी असेल, तरी तिच्यात कर्ब जास्त असण्याचीच शक्यता आहे. कारण तिवराला मीठ चालतं, त्यामुळे मुळं आणि पाला सतत पडत राहतो, जमेची बाजू थांबत नाही. चिखल रोज भरतीच्या पाण्याखाली जातो, हवा मिळत नाही, म्हणून कुजणं अगदी सावकाश. वर समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटमुळे तिथे मिथेन वायूही गोड्या दलदलीपेक्षा खूप कमी बनतो. म्हणजे 'खारं म्हणून कर्ब साठतो' हे पुतण्याचं वाक्य कांदळवनात लागू पडतं, तेही मिठापेक्षा झाड आणि पाणी यांच्यामुळे. उघड्या, कोरड्या खाजणाला ते लावता येत नाही. आणि कांदळवनाचा तोच चिखल उपसून वाळवला तर त्यातला साठलेला कर्ब हवेत जातो, गंधकाचं आम्ल तयार होऊन माती आंबट होते. तिवरं बांधाच्या बाहेरच्या अंगाला असतील तर ती लाटांचा मार स्वतःवर घेऊन तुमचा बांधही वाचवतात. मुळांनी बांधालाच भेग पडत असेल तर मात्र स्वतः कोयता लावू नका, वन विभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, खत घालू की थांबवू. घालत राहा, पण त्याआधी बांध आणि उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडपेची वाट. मी हे अगदी कळकळीने सांगते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. उन्हाळ्यातल्या उधाणाच्या भरतीला बांधातून नुसतं इंचभर पाणी तुमच्या पाऊण एकरावर पसरलं, तर अडीच टनांवर मीठ एका दिवसात शेतात येतं. तीन पावसाळ्यांची धुलाई आणि सहा ट्रॉली शेणखत एका रात्रीत मागे पडतं. एप्रिलमध्येच बांधावरून चालत जा. खेकड्यांची बिळं बुजवा, ओली दिसणारी जागा चोपून घ्या. उघाडीची झडप भरतीला नीट बसते का, हे भरतीच्या वेळीच तिथे उभं राहून बघा. शेजारचे खातेदार सोबत घ्या, कारण एकट्याच्या बांधाने खार राखता येत नाही.

जूनचा पहिला पाऊस पडला की लगेच भात लावायची घाई नको. रान नांगरून पाणी तुंबवा, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग ओहोटीला उघाडीवाटे सोडून द्या. असं दोनदा-तीनदा करा. शेणखत या धुलाईच्या आधी टाकलंत तर त्यातलं विरघळणारं सगळं मिठाबरोबर खाडीत जातं. मला वाटतं तुमच्याकडून हेच होत असावं, कारण मे अखेरीस ट्रॉली रिकामी करायची पद्धत सगळीकडे आहे. खत बांधावर ढीग करून झाकून ठेवा आणि शेवटच्या चिखलणीला मिसळा. बियाणं खारं सोसणारं घ्या. आपल्या पनवेललाच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे, पनवेल १, २, ३ या जाती तिथल्याच. लांब, दाट मुळांचं पीक उभं राहिलं तर मातीत पक्का बसणारा कर्ब तुमच्या ट्रॉलीपेक्षा ते जास्त देईल. शक्य असेल तर एकदा त्या केंद्रात स्वतः जाऊन या. रिपोर्ट घेऊन जा.

आणि पेंढा. तुम्ही तो तबेल्याला विकत असाल, त्याचे पैसे मिळतात हे मला कळतं. सगळा ठेवा असं मी म्हणणार नाही. पण कापणी जमिनीलगत न करता वीतभर धस उभी ठेवा आणि निदान अर्धा पेंढा शेतात पसरा. सुक्या पेंढ्याच्या वजनात साधारण ४० टक्के कर्ब असतो, पण मला त्याहून दुसरं काम मोठं वाटतं. तो जमिनीवर अंथरलेला असला की ऊन थेट मातीवर पडत नाही, पाणी कमी उडतं, वात पेटायची थांबते आणि मीठ वर चढत नाही. बंगालच्या सुंदरबनात भातानंतर पेंढ्याच्या जाड आच्छादनाखाली बटाटा घेतात, तो याच आधारावर. तुमच्या शेताच्या वरच्या अंगाला, जिथे खार कमी आहे, तिथे ओलीवर चार ओळी वाल टोचून बघा. नाही आला तरी नुकसान मूठभर बियांचं. घराकडच्या गोड्या बांधावर गिरिपुष्प लावलंत तर त्याचा कोवळा पाला चिखलणीत गाडायला दरवर्षी फुकट मिळेल.

सोसायटीच्या कंपोस्टबद्दल मला काळजी आहे. ओल्या कचऱ्यात शिजलेलं उरलंसुरलं अन्न, लोणच्याचं खारं, पापड, मासळीचं पाणी सगळं येतं आणि पाणी आटताना मीठ तिथेच साठतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी ईसीची कमाल मर्यादा ४ आणि सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के सांगितला आहे, पण सोसायटीच्या आवारातल्या खड्ड्यातलं कंपोस्ट कुणी तपासत नाही. खारी जमीन गोडी करायला खारं खत नेऊन टाकलं तर कष्ट दुप्पट. मातीसोबत त्या कंपोस्टचाही एक नमुना ईसीसाठी द्या. ज्या सोसायट्या फक्त भाज्यांची देठं, फळांच्या साली, देवाची फुलं आणि बागेचा पाला कुजवतात, त्यांचंच घ्या. बाकीच्यांचं गोड्या जमिनीवरच्या झाडांना देऊन टाका. कोंबडी खतही याच कारणाने जपून.

ईसीचे आकडे वाचताना एक गोंधळ होतो, तो आधीच मिटवते. पुस्तकात वाचाल की ४ च्या वर ईसी गेली की जमीन क्षारयुक्त. तो ४ चा आकडा मातीचा लगदा करून काढलेल्या पाण्याचा आहे. आपल्या प्रयोगशाळा सहसा मातीत अडीचपट पाणी घालून मोजतात, त्यात मीठ पातळ होतं आणि आकडा बराच खाली दिसतो. त्या मोजणीत १ च्या आत असेल तर निर्धास्त, १ ते २ मध्ये उगवणीला त्रास, ३ च्या वर बहुतेक पिकांना अपाय. म्हणजे तुमचा १.४ अजून गोडा नाही, पण खारं सोसणाऱ्या भाताला त्याच्याशी जमवून घेता येतं.

भरावाचं उत्तर तुम्ही पत्रात दिलंच आहे, सासूबाईंचं नाव काढून. मी फक्त मातीपुरतं बोलते. 'या जमिनीत दम नाही' असं म्हणणाऱ्याला ०.६६ टक्के कर्ब दाखवा. राज्यातल्या माती तपासणीच्या प्रतवारीत ०.६१ ते ०.८० म्हणजे 'थोडे जास्त', मध्यमच्याही वर. मिठाचा ०.०१ वजा केला तरी ती त्याच रकान्यात राहते. देशावरच्या कितीतरी बागायतदारांच्या रानात एवढा कर्ब नसतो. राडारोडा एकदा पडला की ही माती पुन्हा हाताशी येत नाही, आणि खाडीकाठचा भराव किनारी नियमांत अडकला तर नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाला येते, डंपरवाल्याला नाही. पुतण्याला रागावू नका, त्याने निदान कुठेतरी वाचून प्रश्न काढला. एप्रिलमध्ये बांध बघायला त्यालाच सोबत न्या आणि ग्लासातली रवंही त्यालाच सोडू द्या.

पुढचा नमुना पुढच्या नोव्हेंबरमध्ये घ्या, कापणीनंतर आठवड्याभरात, मेमध्ये नको. वरचा पालापाचोळा हाताने बाजूला सारून, अर्धा फूट खोल, शेताच्या आठ-दहा जागांहून, आणि बांधालगतची व उघाडीजवळची माती त्यात मिसळू नका. तीच प्रयोगशाळा, तीच पद्धत. उघाडीजवळचा एक नमुना वेगळ्या पिशवीत द्या. आणि सासूबाईंना माझ्यातर्फे एक विचाराल का? त्यांच्या काळी पहिल्या पावसाचं पाणी शेतातून कुठल्या बाजूने काढत, आणि उघाडी तेव्हाही आता आहे तिथेच होती का? मधल्या पडीक वर्षांत जुना पाट बुजला असेल, तर तो पुन्हा उकरायला मेमधले चार दिवस पुरतील.